बरणीत न मावलेली मूठभर डाळ : डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेतलं दोन बेडरूमचं घर. घरात सहा माणसं: सत्तरीतल्या सासूबाई, त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडं. शिवाय रोज सकाळी येणाऱ्या पोळ्यांच्या मावशी. सून मुंबईत नोकरीला, सकाळची लोकल पकडणारी. म्हणजे सकाळी ओट्यापाशी मावशी, दुपारी सासूबाई आणि रात्री सून अशी तीन जणींची पाळी. प्रत्येकीला डाळ, रवा, साखर लागणार आणि प्रत्येकीची ठेवण्याची जागा वेगळी. मी लोकांची स्वयंपाकघरं लावून देते, त्यातलंच हे एक. घर ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. सासूबाईंना मी काकू म्हणत होते, इथेही तेच म्हणते. सुनेला ताई.

वर्षभरापूर्वी या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं झालं. जुनी मांडणी गेली, फडताळ गेलं, त्या जागी ट्रॉल्या आणि भिंतीवरची कपाटं आली. पत्र्याच्या दोन कोठ्या नव्या आराखड्यात कुठेच बसेनात, म्हणून त्या वॉशिंग मशीनशेजारी ड्राय बाल्कनीत गेल्या. स्टीलचे मोठे डबे माळ्यावर चढले. नव्या कपाटांना शोभतील म्हणून ताईंनी चौकोनी, पारदर्शक, एकसारख्या चोवीस प्लॅस्टिकच्या बरण्या मागवल्या. प्रत्येकी 1200 मिली.

सामान भरायच्या रीती मात्र दोन होत्या. काकूंची रीत वर्षाच्या बेगमीची. एप्रिल-मेमध्ये गावाकडून तांदूळ, ओळखीच्या वाण्याकडून गहू, थोडं कडधान्य, शिवाय वाळवणं. ताईंची रीत महिन्याच्या यादीची: फोनवरून मागवायचं, एकावर एक फुकट असेल तर दोन घ्यायचे. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. त्या एकाच कपाटात शिरल्या, तिथे घोटाळा झाला.

अडचण

ऑगस्टमध्ये संध्याकाळी दिवे लागले की स्वयंपाकघरात लहान लहान पाखरं उडायला लागली. काकूंनी तांदूळ पाखडला, ताईंनी बरण्या उघडून पाहिल्या. रव्याच्या बरणीत झाकणाच्या आतल्या बाजूला जाळी, चवळीच्या दाण्यांना गोल भोकं, कोठीतल्या गव्हात टोके, म्हणजे सोंडकिडे. तीन ठिकाणी तीन वेगळ्या किडी आणि घरात समज असा, की सगळं एकाच तांदळामुळे झालं.

तांदूळ काकूंचा. त्यामुळे बोलणं किडीपाशी थांबलं नाही. ताईंचं म्हणणं, एवढं साठवायचंच कशाला, खाली दुकान आहे. काकूंचं म्हणणं, कोठीत तीस वर्षं धान्य राहिलं, तेव्हा पाखरं नव्हती, ही प्लॅस्टिकची हौस आल्यापासून झाली. मुलगा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायच्या बेतात होता. मला बोलावलं ते ताईंनी, आणि मागणी सरळ होती: चांगल्या, हवाबंद काचेच्या बरण्या कुठल्या घ्यायच्या ते सांगा, आणि सगळं लावून द्या.

पाहणी

अशा वेळी मी खरेदीची चर्चा पुढे ढकलते आणि आधी सगळं कपाटाबाहेर काढायला लावते. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या आणि जिन्नसवार ढीग केले. तूरडाळ चार ठिकाणी निघाली: बरणीत, बरणीमागे रबरबँड लावलेल्या पाकिटात, ट्रॉलीत न उघडलेलं पाकीट, आणि काकूंच्या स्टीलच्या डब्यात. साखर तीन ठिकाणी. रवा तीन ठिकाणी, त्यातला एक इडलीचा. कपड्यांना लावायचे चिमटे दोरीवर कमी आणि पाकिटांवर जास्त, अशी अवस्था.

हे बघत असताना काकू एक वाक्य बोलल्या आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं कुलूप तिथेच उघडलं. "बरण्या दिसायला छान आहेत गं, पण यांच्या पोटात किलो जात नाही."

बरणीवर मिलिलिटर लिहिलेले असतात, वाणी किलोनं देतो, आणि दोन्हींचा मेळ आपण दुकानात उभं राहून घालत नाही. एक किलो तूरडाळीला साधारण सव्वा लिटर जागा लागते. साखरेचं आणि तांदळाचंही तसंच, थोडं इकडे-तिकडे. 1200 मिलीच्या बरणीत किलोभर डाळ ओतली, की बरणी गळ्यापर्यंत भरते आणि पाकिटाच्या तळाशी मूठ-दोन मुठी डाळ उरते. ती कोणी टाकत नाही. पाकीट दुमडलं जातं, रबरबँड लागतो आणि ते बरणीच्या मागे जातं. पुढच्या महिन्यात बरणी अर्धी झाली की नवीन किलो येतो, तो वरून ओतला जातो, आणखी एक मूठ मागे जाते. तळाची डाळ तळालाच. पिठांची गत याहून वाईट. किलोभर बेसन किंवा कणीक दीड ते दोन लिटर जागा मागते, जाड पोहे अडीच लिटरच्या आसपास, आणि पातळ पोह्यांचं तर विचारूच नका.

ही उघडी, अर्धवट, मागे सरकलेली पाकिटं म्हणजे किडीसाठी उघडं ठेवलेलं दार होतं. पण पाखरं आली कुठून, हे अजून कळलं नव्हतं. ती जाळी करणाऱ्या पतंगाची. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, नुकसान करते ती अळी. ती पातळ प्लॅस्टिक कुरतडून आत शिरते, साध्या फिरकीच्या झाकणाच्या आट्यांमधूनही वाट काढते, आणि कोष करायची वेळ आली की खाणं सोडून कोपरा शोधत लांब जाते. म्हणून जाळी दिसते तिथेच मूळ असेल असं नसतं. मूळ सापडलं गॅसवरच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. गेल्या दिवाळीत भेट आलेला सुक्या मेव्याचा चकचकीत डबा, रिबिनीसकट. कोणीच उघडला नव्हता. आत बदाम आणि अंजिरांवर पांढरी जाळी आणि काळपट भुकटी. डब्याच्या वरच्या बाजूला, कपाटाच्या छताच्या कोपऱ्यात कोष. फळी कमी-जास्त उंचीवर बसवायला सुतारानं पाडलेली बारीक भोकं असतात ना, त्यातल्या कितीतरी भोकांत एकेक कोष बसला होता. टूथपिकनं ते काढताना ताई म्हणाल्या, "एवढी सोय तर आपणच करून दिली!"

चवळीतली भोकं पाडणारा भुंगेरा वेगळा. तो दाण्यावर बाहेरून अंडी घालतो, नीट पाहिलं तर दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात. अळी दाण्याच्या आत वाढते आणि बाहेर येताना गोल भोक पाडते. अख्ख्या कडधान्यावर त्याचा डोळा, फोडलेल्या डाळीला त्याचा त्रास फारसा नाही. गव्हातले टोके तिसरे. त्यांची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, त्यामुळे बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. कोठी मशीनशेजारी, ओलसर हवेत, आणि अर्धी रिकामी. टोक्यांना हवा, ओल आणि खाणं तिन्ही एका जागी मिळालं होतं.

म्हणजे काकूंच्या तांदळाचा पाखरांशी काही संबंध नव्हता. हे मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. पुढचं काम त्यामुळे बरंच सोपं झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ताईंचा: सगळं टाकून द्यायचं आणि काचेच्या चाळीसेक बरण्यांचा नवा संच घ्यायचा. काच चांगलीच. वास धरत नाही, ओरखडे पडत नाहीत, गरम पाण्यानं धुता येते. पण दोन लिटरची काचेची बरणी डाळीनं भरली की अडीच किलोच्या घरात जाते. ती डोक्यावरच्या फळीवरून काकूंनी काढायची, हे मला पटेना. आणि मोठा आक्षेप म्हणजे आजार तोच राहिला असता. एकसारख्या चोवीस बरण्यांऐवजी एकसारख्या चाळीस.

दुसरा, मुलाचा: फवारणी. खाण्याच्या कपाटात औषध फवारायला मी कधीच हो म्हणत नाही. अळी डब्याच्या आत असते, फवारा बाहेर बसतो. डबा बाहेर काढून कपाट पुसलं आणि सांदी-कोपरे व्हॅक्यूमनं ओढून घेतले, तर तेच काम विषाशिवाय होतं.

तिसरा, काकूंचा: माळ्यावरचे स्टीलचे डबे खाली काढायचे, कोठ्या आत आणायच्या, बरण्या मावशींना देऊन टाकायच्या. या पर्यायात वाटतो त्यापेक्षा जास्त दम होता. जुने जाड पत्र्याचे दाबून बसणारे डबे, वजनाला हलके, न फुटणारे, उजेड आत न जाऊ देणारे. अडचण एकच: आतलं दिसत नाही. मावशींना अक्षरं वाचताना त्रास होतो आणि काकूंचा एक डोळा मोतीबिंदूनं अंधूक. मागच्या आषाढी एकादशीला शिंगाड्याच्या पिठाऐवजी मक्याचं पीठ थालीपिठात गेलं होतं, ते याच कारणानं.

चौथा पर्याय, साठवण पूर्ण बंद करून सगळं महिन्याच्या महिन्याला आणणं. ताईंना हा आवडला. मी इथे काकूंच्या बाजूनं उभी राहिले, कारण तांदळाच्या बाबतीत त्यांचं कारण भावनेचं नव्हतं. जुना तांदूळ पाणी जास्त घेतो, भात मोकळा होतो, नवा तांदूळ गिचका होतो. गावाहून आलेला तांदूळ वर्षभर मुरवून खाणं ही चवीची निवड आहे. पण हाच न्याय गव्हाला लागत नाही, आणि चवळी-मटकीला तर अजिबात नाही.

निर्णय आणि कृती

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तांदूळ-गव्हाच्या निर्णयात, बरण्या पुढे तासाभरात मिटल्या. शेवटी ठरलं ते असं: तांदूळ वर्षाचा राहील, गहू तीन महिन्यांचा, कडधान्यं आणि डाळी महिन्याच्या. वाळवणांना कोणी हात लावायचा नाही. ती काकूंच्या पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं उत्तम राहत आली आहेत, आणि जे चाललंय ते मोडू नये.

तांदळात काकू बोरिक पावडर घालत. अनेक घरांत घालतात, धुताना बरीचशी निघूनही जाते. पण घरात लहान मुलं असताना मी तिला विरोध करते. पोटात गेली तर ती बाधते, आणि ज्या दिवशी घाईत तांदूळ एकदाच धुतला जातो त्या दिवशी ती भातात असते. त्याऐवजी तांदूळ दहा-दहा किलोच्या जाड, हवाबंद पिशव्यांत भरला. काठोकाठ भरून, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद. आत थोडे किडे राहिलेच तर त्यांना प्राणवायू पुरत नाही आणि वाढ थांबते. एका वेळी एकच पिशवी उघडायची. मोठ्या कोठीचा दोष हाच असतो, की जसजसं धान्य खाली जातं तसतशी वर हवा वाढते, आणि रोज झाकण उघडल्यानं ती ताजीही राहते.

गहू चाळून, निवडून, उरलेला लगेच दळणाला दिला. पुढच्या गव्हाला आणि डाळीला काकूंच्याच पद्धतीनं एरंडेल चोळायचं ठरलं. हाताला लागेल न लागेल इतकंच तेल, दाण्यावर पातळ थर बसतो आणि किडीला अंडी घालणं जड जातं. कडुलिंबाचा पाला काकूंना घालायचा होता. घाला, पण पूर्ण वाळलेला. पावसाळ्यात लोक अर्धओला पाला धान्यात खुपसतात आणि मग बुरशीचं खापर धान्यावर फोडतात.

भोकं पडलेली चवळी, जाळीचा रवा आणि तो सुका मेवा टाकला. टाकताना पिशवी बांधून त्याच दिवशी घराबाहेर, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात नाही. जे वरून चांगलं दिसत होतं पण शेजारी होतं, ते फ्रीजरमध्ये गेलं. उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवलं की अंडीसुद्धा मरतात. घरातला फ्रीजर केवढासा, म्हणून पाळीपाळीनं: मूग, मटकी, मग बदाम, मग बेसन. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच उघडायचं नाही, खोलीच्या उबेला येऊ द्यायचं. थंड डाळ उघडली की तिच्यावर दव धरतं आणि एक दुखणं घालवून दुसरं येतं. एरवी काकूंनी सगळ्याला ऊनच दाखवलं असतं, पण ऑगस्टमधल्या डोंबिवलीत ऊन आणायचं कुठून?

भगर उरली होती अर्धा किलो, कधीची ते कोणालाच आठवेना. ती मी ठेवू दिली नाही. भगरीला बुरशी सहज लागते, आणि तिच्यातून विषबाधा झाल्याचे प्रकार उपवासाच्या दिवसांत महाराष्ट्रात घडले आहेत. भगर उपवासापुरती, बंद पाकिटातली आणायची, सुटी नाही आणि तयार पीठ तर नाहीच.

मग बरण्या. ताईंची तयारी नव्या खरेदीची होती. पण आकडे मांडून पाहिले तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. 1200 मिलीच्या बरणीत किलो मावत नाही, पण अर्धा किलो रवा, बेसन, साबुदाणा, मूगडाळ, शेंगदाणे अख्खं पाकीट मावतं, आणि वर बोटभर जागा राहते. मग बरणी बदलण्यापेक्षा पाकीट बदलणं स्वस्त. अर्धा किलोचं पाकीट किलोमागे थोडं महाग पडतं, हे ताईंनी लगेच दाखवून दिलं. पण जे जिन्नस महिन्याला अर्धा किलोसुद्धा संपत नव्हते, ते किलोनं आणून जुने करण्यात काय वाचत होतं? तूरडाळ, साखर, कणीक हे जास्त खपणारे जिन्नस माळ्यावरून उतरवलेल्या स्टीलच्या डब्यांत गेले, दोन-तीन किलो एकदम सामावतील अशा. पोह्यांना जुना गोल डबा मिळाला. नवीन काय घेतलं, तर खोबरं, तीळ, बदाम, अक्रोड यांसाठी रबरी चकती आणि खिटी असलेल्या काचेच्या लहान बरण्या, एवढंच.

झाकणं तपासायची एक साधी युक्ती आहे. बरणीत कोरडा टिश्यू पेपर टाकायचा, झाकण लावायचं, बरणी बादलीतल्या पाण्यात उलटी दाबून धरायची. कागद ओला झाला तर झाकण हवाबंद नाही. चोवीसपैकी बहुतेक झाकणं पास झाली. नापास निघालेल्या बरण्यांना काकूंनी सुतळी, मेणबत्त्या आणि बटणांची नोकरी दिली.

नियम एकच ठरवला, कारण तीन बायकांच्या स्वयंपाकघरात दहा नियम टिकत नाहीत: एका जिन्नसाचं एकच तोंड उघडं. म्हणजे बरणी चालू असताना दुसरं पाकीट फोडायचं नाही. न फोडलेली सगळी पाकिटं खालच्या एका खोल ट्रॉलीत उभी, कडेला. बरणी रिकामी झाली की धुवायची, रबरी चकती काढून वेगळी वाळवायची, रात्रभर उलटी ठेवायची, आणि मग भरायची. यासाठी दोन मोकळ्या बरण्या कायम हाताशी ठेवल्या, नाहीतर सकाळी सहाला कोण बरणी वाळायची वाट बघणार? बरणीत ओतल्यावर पाकिटावरची तारीख हरवते, म्हणून तो पट्टा कापून बरणीच्या मागच्या बाजूला कागदी टेपनं लावायचा. पुढे नाव मोठ्या अक्षरांत. नातीनं रंगीत लेबलं करायला घेतली होती, ती सुंदर होती आणि काकूंना वाचता येत नव्हती. पांढऱ्या टेपवर काळ्या मार्करनं लिहिलेली राहिली.

मावशींसाठी नावं नव्हे तर जागा ठरवल्या. गव्हाची कणीक डावीकडे, भाकरीची पिठं उजवीकडे, उपवासाचं सगळं एका वेगळ्या ट्रेमध्ये, ज्याला एरवी हात लावायचा नाही. पांढऱ्या पिठांचा गोंधळ यानंच मिटला. बाजरीचं पीठ मात्र बरणीत साठवायचंच नाही असं ठरलं. ते आठ-दहा दिवसांत कडवट होतं, मग बरणी कितीही घट्ट असो. थोडं थोडं दळून आणायचं.

जागांची एक अदलाबदल राहिली. गॅसवरच्या कपाटात खोबरं, तीळ, दाण्याचा कूट ठेवले होते, म्हणजे घरातल्या सगळ्यात गरम जागी सगळ्यात लवकर खवट होणारे जिन्नस. ते खाली आणि कूट फ्रीजमध्ये. गॅसवरच्या कपाटात आता ताटं-वाट्या. सिंकखालच्या कपाटात खाण्याचं काहीही नाही. ट्रॉलीतल्या बरण्यांना नाव झाकणावर, फळीवरच्यांना पोटावर. बघणारा वरून बघतो की समोरून, एवढाच विचार.

परिणाम

पाखरं लगेच थांबली नाहीत, आणि हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. उबदार हवेत या पतंगाची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. कोपऱ्यात राहून गेलेले कोष फुटतच राहतात. चिकट कागदाचा गंधसापळा, म्हणजे गंधानं पतंगांना ओढून चिकटवणारा, कपाटात लावला, तो मारण्यासाठी कमी आणि मोजण्यासाठी जास्त. गणपतीत त्यावर रोज काही ना काही दिसत होतं, नवरात्रात कागद कोरा राहायला लागला.

तांदळाच्या पिशव्यांपैकी एका पिशवीत पोरकिडे झाले. ती पिशवी काकांनी सुतळीनं बांधली होती, बाकीच्यांसारखी चिकटवून बंद केली नव्हती. बाकीचा तांदूळ स्वच्छ राहिला. काकूंनी बोरिक पावडर सोडली, पण पिशवी उघडताना प्रत्येक वेळी त्या नाक लावून वास घेतात, आणि ते उत्तमच आहे.

घडी मोडली ती दिवाळीत. फराळासाठी बेसन, रवा, मैदा, पिठीसाखर, पोहे, भाजके डाळे सगळं किलो-किलोनं आलं, जादा सामानाची ट्रॉली ओसंडली आणि पाकिटं पुन्हा मागच्या फळीवर गेली. तीन दिवसांत दोन रवे उघडे. ताईंचा फोन आला तो वैतागलेला. उपाय साधा निघाला: फराळाचं सामान कपाटात आणायचंच नाही. त्याची एक वेगळी क्रेट, ती हॉलमध्ये, भाऊबीजेपर्यंत. उरेल ते त्याच आठवड्यात बरण्यांत किंवा शेजाऱ्यांना. भेट आलेले सुक्या मेव्याचे डबे आले त्या दिवशी उघडायचे, हा नियम ताईंनी स्वतःहून घातला.

मावशींनी सगळ्यात जास्त निष्ठेनं नियम पाळला आणि एकच गोष्ट पाळली नाही. रबरी चकती ओलीच परत बसवतात. शेंगदाण्याच्या बरणीत एकदा कुबट वास आला. ओल लागलेले, बुरशी धरलेले शेंगदाणे निवडून वापरायचे नसतात, सगळेच टाकायचे असतात, म्हणून ते गेले. आता शेंगदाण्याच्या बरणीची चकती काकू स्वतः पुसतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, वेळ. ही सगळी उलथापालथ फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली असती तर निम्मं काम उन्हानं केलं असतं. फ्रीजरच्या पाळ्या लावाव्या लागल्या नसत्या, बरण्या तासाभरात वाळल्या असत्या, आणि वर्षाचं धान्य घरात येण्याआधीच किती घ्यायचं ते ठरलं असतं. ज्यांना स्वयंपाकघर लावायचं आहे त्यांना मी गुढीपाडव्याच्या आधीचा मुहूर्त सुचवते.

दुसरी, सुतार. आराखडा काढताना घरातल्या धान्याचं माप कोणी त्याच्यासमोर ठेवलं नाही. ट्रॉल्या ताटवाट्यांच्या हिशोबानं झाल्या. खालच्या एका कपाटात फळ्या न टाकता दोन फुटांची मोकळी उंची ठेवली असती, तर तांदळाच्या पिशव्या आणि गव्हाचा डबा आतच राहिला असता, ड्राय बाल्कनीत जायची वेळ आली नसती. वरच्या फळ्यांमध्ये तेरा इंच अंतर आणि बरण्या जेमतेम आठ इंचांच्या, म्हणून वरची जागा वाया जाते आणि मग माणसं बरणीवर बरणी रचतात. एक जादा फळी पुढे बसवून घेतली, पण ती आधीच होऊ शकली असती.

तिसरी, मावशी. त्यांना पहिल्या दिवशीच बसवून विचारायला हवं होतं, कारण दिवसात सगळ्यात जास्त वेळा झाकणं त्याच उघडतात. घराची बैठक रविवारी दुपारी झाली आणि मावशींना सोमवारी सकाळी सगळं बदललेलं दिसलं. पहिला आठवडा त्या मीठ शोधत होत्या.

काही जण म्हणतील, चोवीस बरण्या आधीच घेतल्या होत्या म्हणून त्यांच्याभोवती सगळं बेतलं, कोऱ्या पाटीवर काय केलं असतं? कोऱ्या पाटीवर मी आधी दोन महिन्यांचं वाणसामानाचं बिल मागितलं असतं, कुठला जिन्नस कोणत्या मापाच्या पाकिटात येतो ते लिहिलं असतं, आणि किलोच्या जिन्नसाला दीड लिटरची, अर्ध्या किलोच्या जिन्नसाला पाऊण ते एक लिटरची बरणी धरली असती, पिठांना आणि पोह्यांना त्याच्या दीड-दोन पट. एकसारखा संच मुळीच घेतला नसता. फोटोत तो सुरेख दिसतो, पण हळद आणि पोहे एका मापाचे असतात का?

गव्हाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तीन महिन्यांचा गहू आणायचा ठरला खरा, पण येत्या मेमध्ये ओळखीच्या वाण्याकडे नवा गहू आला की काकू एक पोतं तरी घेणार, असं ताईंना वाटतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "भाव बघून ठरवू." हवाबंद पिशव्यांची जास्तीची चळत ताईंनी आत्ताच आणून ठेवली आहे.